लॅपटॉपचा वायफाय पत्ता: कुठे कायम ठेवायचा, कुठे बदलता

कॉलेजच्या वायफायचा फॉर्म असो, हॉस्टेलचा असो की नोकरीवर रुजू होताना भरायचा कागद, त्यात 'मॅक ॲड्रेस', म्हणजे नेटवर्कवर यंत्र ओळखायचा पत्ता, असा एक रकाना हमखास असतो. विद्यार्थी लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये शोधून बारा अक्षरं उतरवून देतो. सोमवारी नेट चालू होतं, मंगळवारी सकाळी बंद. तक्रार घेऊन गेला की लॅबमधले सर विचारतात, "लॅपटॉप बदललास का रे?" लॅपटॉप तोच असतो. फक्त त्याच्या विंडोजमध्ये 'चेंज डेली' हा पर्याय कधीतरी निवडला गेलेला असतो, त्यामुळे कालचा पत्ता आज उरलेला नसतो. सरांच्या यादीत मात्र कालचाच आहे.

दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. तो फॉर्म ज्या काळात तयार झाला तेव्हा हा पत्ता यंत्राला कायमचा चिकटलेला असे. आता तो सेटिंगमधून ठरवता येतो, आणि एका नेटवर्कला एक, दुसऱ्याला दुसरा असाही ठेवता येतो. घोळ होतो तो इथेच: काही नेटवर्कं अजून त्याला ओळखपत्र समजतात आणि लॅपटॉप त्याला रोज बदलायचा सदरा समजतो.

बारा अक्षरांत काय असतं

हा पत्ता ४८ बिटांचा, म्हणजे ४८ शून्य-एकांचा. लिहिताना दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या करतात, उदाहरणार्थ ५२:३८:०४:९१:७७:२६. अक्षरं म्हणजे शून्य ते नऊ आणि पुढे इंग्रजी ए ते एफ, अशी एकूण सोळा. पहिल्या तीन जोड्यांवरून कार्ड बनवणारी कंपनी कळते. आयईईई ही अभियंत्यांची जागतिक संस्था पैसे घेऊन त्या कंपनीला नेमून देते. उरलेल्या तीन जोड्या कंपनीने आपल्या प्रत्येक कार्डाला वेगळ्या द्यायच्या. एका नेमणुकीत १,६७,७७,२१६ कार्डं बसतात, आणि मोठ्या कंपन्यांनी अशा नेमणुका शेकड्यांनी घेऊन ठेवल्या आहेत. ही व्यवस्था १९८० सालची. डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून इथरनेटचं तांत्रिक वर्णन प्रसिद्ध केलं तेव्हापासूनची. तिन्ही जोड्या शून्य असलेली नेमणूक आजही झेरॉक्सच्या नावावर आहे.

फॉर्म भरताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे भलताच पत्ता देणं. एका लॅपटॉपला एकच पत्ता नसतो. वायफायचा वेगळा, केबल लावायच्या पोर्टचा वेगळा, ब्लूटूथचा आणखी वेगळा. सध्याच्या पातळ लॅपटॉपना केबलचं पोर्टच नसतं, मग यूएसबीचं डोंगल लावतात. तेव्हा नेटवर्कला सहसा दिसतो तो डोंगलचा पत्ता. ऑफिसात एकच डोंगल चार टेबलांवर फिरत असेल तर नोंदींमध्ये चारही जण एकाच पत्त्याने दिसतात. आणि दुरुस्तीत वायफाय कार्ड किंवा मदरबोर्ड बदलला गेला तर कायमचा पत्तासुद्धा बदलतो. दुकानदार ते सांगत नाही, कारण त्याला कोणी विचारत नाही.

पत्ता किती लांब जातो

मॅक ॲड्रेसवरून जगात कुठेही माणूस शोधता येतो, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. एसटीने पार्सल पाठवलं तर त्यावरचं नाव-गाव शेवटपर्यंत तेच राहतं, पण मधल्या डेपोत गाडी बदलली की गाडीचा नंबर नवा होतो. इंटरनेटवर आयपी पत्ता हे ते नाव-गाव आणि मॅक पत्ता हा त्या त्या टप्प्यापुरता गाडीचा नंबर. तुमच्या लॅपटॉपचा वायफाय पत्ता लॅपटॉपपासून राउटरपर्यंत जातो आणि तिथे संपतो. पुढच्या टप्प्याला राउटर स्वतःचा पत्ता लावतो. वेबसाइटला, बँकेला किंवा तुमचा ईमेल वाचणाऱ्याला तो दिसत नाही.

याचं महाराष्ट्रातलं एक गंभीर उदाहरण आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं माध्यमांना आलेला ईमेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या कनेक्शनवरून गेल्याचं तपासात निघालं. त्याचं वायफाय कोणालाही वापरता येईल असं मोकळं होतं. ईमेलमधला आयपी पत्ता तपासाला त्या घरापर्यंत घेऊन गेला. ईमेल ज्या लॅपटॉपवरून लिहिला त्याचा वायफाय पत्ता आयपीसोबत पुढे जाणं शक्यच नव्हतं. असलाच तर तो त्या घरच्या राउटरच्या नोंदीत असणार, आणि घरगुती राउटर अशा नोंदी फार काळ जपत नाहीत. पुढे २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वायफाय सुरक्षित ठेवण्याबद्दल सूचना काढल्या.

या नियमाला एक अपवाद होता, तोही जाणून घेण्यासारखा आहे. आयपीची सहावी आवृत्ती आली तेव्हा यंत्राने आपला आयपी पत्ता आपणच तयार करायचा अशी सोय तिच्यात होती, आणि त्यासाठी मॅक पत्ता मधोमध कापून त्यात एफएफ-एफई अशा दोन जोड्या घालायची पद्धत होती. म्हणजे राउटरपाशी संपायला हवा तो पत्ता आयपीच्या पोटात बसून जगभर फिरायचा. लॅपटॉप घरून कॅफेत, कॅफेतून ऑफिसात गेला तरी आयपीचा मागचा अर्धा भाग तोच. ही गळती पुढे बंद झाली. आजचे विंडोज, मॅकबुक आणि लिनक्स त्या जागी यदृच्छेने निवडलेला आकडा घालतात.

बदलता पत्ता का आला

राउटरच्या पलीकडे पत्ता जात नाही, मग तो लपवायचा कशाला? कारण राउटरच्या अलीकडे तो सगळ्यांना दिसतो. वायफायचा पासवर्ड कितीही भक्कम असो, अगदी डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा पद्धत असो, पॅकेटमधला, म्हणजे हवेतून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक तुकड्यातला, मजकूर बंद असतो पण त्यावरचा पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मॅक पत्ता उघडा असतो. तो उघडा नसेल तर आपलं पॅकेट कोणतं हे कोणत्याच यंत्राला कळणार नाही. शिवाय वायफाय नुसतं चालू असेल, कुठेही जोडलेलं नसेल, तरी यंत्र अधूनमधून आसपास कोणकोणती नेटवर्कं आहेत असं हवेत विचारत राहतं. पूर्वी या प्रत्येक विचारण्यासोबत खरा पत्ता जायचा.

त्याचा धंदा करणारे लगेच निघाले. २०१३ मध्ये लंडनच्या सिटी भागात रस्त्याकडेच्या काही कचराकुंड्यांमध्ये असं यंत्र बसवलं होतं, जे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या फोनचे मॅक पत्ते टिपून घेई. म्हणजे तोच माणूस काल किती वाजता इथून गेला, आज किती वाजता, कुठे थांबला. बातमी फुटली आणि ऑगस्टमध्ये तिथल्या महापालिकेने ते बंद करायला सांगितलं. पण त्याच प्रकारची मोजणी मॉल आणि विमानतळांवर होत होती, आणि लोकांना त्याची कल्पनाही नव्हती.

उपाय यंत्र बनवणाऱ्यांनीच केला. २०१४ च्या आयओएस ८ पासून आयफोन नेटवर्क शोधताना खोटा पत्ता वापरू लागला. विंडोज १० मध्ये ही सोय २०१५ ला आली, लिनक्समध्ये नेटवर्क जोडणाऱ्या नेटवर्कमॅनेजर या प्रोग्रॅममध्ये २०१६ च्या सुमारास. ॲन्ड्रॉइड १० ने २०१९ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं: नुसतं शोधतानाच नाही तर जोडतानाही प्रत्येक नेटवर्कला वेगळा पत्ता, तोही कोणी न सांगता. आयफोनने तेच २०२० मध्ये केलं. मॅकबुकला मात्र २०२४ च्या सिकोया आवृत्तीपर्यंत थांबावं लागलं.

शोधतानाचा पत्ता आणि जोडतानाचा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शोधताना पत्ता बदलला तर कोणाचंच बिघडत नाही, ते कायम चालू असलेलंच बरं. भानगड सगळी दुसऱ्या प्रकारात आहे, कारण जोडल्यावर पलीकडचं नेटवर्क त्या पत्त्यावर आयपी, परवानगी, वेळमर्यादा, कधीकधी बिलसुद्धा टांगून ठेवतं.

समोरचा पत्ता कंपनीने दिलेला आहे की बनवलेला, हे ओळखायला यंत्र लागत नाही. पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर बघायचं. ते २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता बनवलेला. वरचा ५२ ने सुरू होणारा नमुना घ्या. ५२ ही जोडी बिटांमध्ये लिहिली तर ०१०१ ००१० अशी होते. शेवटचा बिट शून्य आहे, म्हणजे हा एकाच यंत्राचा पत्ता आहे, समूहाचा नाही. शेवटून दुसरा बिट एक आहे. तो एक असला की 'हा आयईईईकडून आलेला नाही, इथल्या इथे ठरवलेला आहे' असा अर्थ. शेवटचा शून्य आणि त्याच्या आधीचा एक, हे जमणारी अक्षरं सोळापैकी ही चारच. राउटरच्या यादीत कंपनीच्या नावाच्या जागी 'अननोन' दिसणाऱ्या ओळी बऱ्याचदा याच असतात. शेजाऱ्याने आपलं वायफाय चोरलं म्हणून घाबरण्याआधी घरातल्या फोनचं सेटिंग बघावं.

सेटिंग कुठे, कसं

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय. तिथे 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' असं बटण आहे. ते सगळ्या नेटवर्कांसाठी. त्याच पानावर 'मॅनेज नोन नेटवर्क्स' मध्ये जाऊन एखादं नेटवर्क उघडलं की त्या एकापुरतं तेच सेटिंग पुन्हा दिसतं, आणि तिथे चालू, बंद यांच्या जोडीला 'चेंज डेली' हा तिसरा पर्याय असतो. सुरुवातीच्या विद्यार्थ्याचं दुखणं या तिसऱ्या पर्यायात आहे. सगळ्यांसाठीचं बटण बंद केलं म्हणून एखाद्या नेटवर्कावर स्वतंत्रपणे चालू केलेलं बंद होईलच असं धरून चालू नका. दोन्ही जागा बघा. बटण दिसतच नसेल तर तुमच्या कार्डाला किंवा त्याच्या ड्रायव्हरला ही सोय नाही.

पत्ता उतरवून देताना इथेच फसगत होते. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' आणि पुढे 'ऑल' दिलं की 'फिजिकल ॲड्रेस' अशी ओळ येते. नाव फिजिकल असलं तरी तिथे दिसतो तो या क्षणी वापरात असलेला पत्ता. बदलता पत्ता चालू असताना तो टिपून फॉर्ममध्ये भरलात तर उद्याची तक्रार आजच पक्की झाली. आधी त्या नेटवर्कासाठी ते बटण बंद करायचं, वायफाय तोडून पुन्हा जोडायचं, मग पत्ता बघायचा, आणि दुसरं अक्षर तपासायचं. शिवाय कमांडच्या उत्तरात ब्लूटूथ, केबल, आभासी यंत्रं (व्हर्च्युअल मशीन) असे चार-पाच पत्ते येतात. 'वायरलेस लॅन ॲडॅप्टर वायफाय' या मथळ्याखालचाच घ्यायचा.

मॅकबुकवर वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्काशेजारी 'डीटेल्स' दाबलं की 'प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस' दिसतो, त्यात तीन पर्याय: ऑफ, फिक्स्ड आणि रोटेटिंग. फिक्स्ड म्हणजे या नेटवर्काला बनवलेला पण कायम एकच पत्ता. रोटेटिंगमध्ये तो साधारण दोन आठवड्यांनी बदलतो. पासवर्ड असलेल्या नेटवर्काला मॅकबुक स्वतःहून फिक्स्ड ठेवतं आणि बिनपासवर्डच्या नेटवर्काला रोटेटिंग. माझ्या मते तिन्ही घराण्यांत ही मुळातली निवड सगळ्यात शहाणपणाची आहे.

लिनक्सवाल्यांना सगळ्यात जास्त मोकळीक. ग्नोम या लिनक्सच्या प्रचलित डेस्कटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या नेटवर्काच्या दातेरी चाकावर टिचकी मारून 'आयडेंटिटी' मध्ये गेलं की 'क्लोन्ड ॲड्रेस' चा रकाना आहे. त्यात 'परमनंट' म्हणजे कार्डातला खरा, 'रँडम' म्हणजे दर जोडणीला नवा, आणि 'स्टेबल' म्हणजे त्या नेटवर्काच्या नोंदीवरून आणि यंत्रातल्या एका गुप्त किल्लीवरून गणिताने काढलेला, म्हणजे तिथे नेहमी एकच पण दुसरीकडे वेगळा. 'प्रिझर्व्ह' म्हणजे आधी जो लावलेला असेल त्याला हात लावायचा नाही. घरच्या आणि ओळखीच्या नेटवर्कांना स्टेबल, कॅफेला रँडम, असं एकदा लावून टाकलं की विसरून जाता येतं. खरा पत्ता हवा असेल तर 'ईथटूल' या कमांडला मोठ्या पी चा पर्याय देऊन विचारलं की कार्डातला सांगते, वरून काय चढवलंय ते नाही.

हाताने हवा तो पत्ता लिहायचीही सोय आहे. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'प्रॉपर्टीज' मधल्या 'ॲडव्हान्स्ड' भागात बऱ्याच कार्डांना 'नेटवर्क ॲड्रेस' असा रकाना असतो. बारा अक्षरं सलग लिहायची, मध्ये काही नाही. वायफाय कार्डं इथे बहुतेक वेळा ती चार अक्षरांची अट पाळायला लावतात: दुसरं अक्षर २, ६, ए, ई नसेल तर ड्रायव्हर मुकाट्याने दुर्लक्ष करतो आणि तुम्ही तासभर सगळं बरोबर करूनही काही घडत नाही. कार्डाच्या आत कोरलेल्या पत्त्याला यातलं काहीही धक्का लावत नाही. रकाना रिकामा केला की मूळ पत्ता परत.

दोन ठिकाणी मात्र हा मोह आवरावा. एकाच नेटवर्कात दोन यंत्रांना एकच पत्ता दिला तर दोघांचंही नेट अडखळतं, आणि कारण सापडता सापडत नाही. आभासी यंत्राची जशीच्या तशी प्रत काढल्यावर हे सर्रास होतं. दुसरं, अभियांत्रिकीची काही महागडी सॉफ्टवेअरं परवाना मॅक पत्त्याला बांधतात. मदरबोर्ड गेल्यावर जुना पत्ता नव्या यंत्रावर चढवून परवाना चालू ठेवण्याऐवजी कंपनीला पत्र लिहून परवाना नव्या पत्त्यावर करून घ्यावा. बहुतेक कंपन्या ते करून देतात.

कुठे काय ठेवावं

घरी बनवलेला पण न बदलणारा पत्ता उत्तम. 'चेंज डेली' घरी लावण्यात काही अर्थ नाही. उलट नुकसानच. राउटरमध्ये लॅपटॉपला कायमचा आयपी राखून ठेवला असेल तर तो मॅक पत्त्यावर बेतलेला असतो. पत्ता बदलला की आरक्षण गेलं, आणि त्या आयपीवर भरवसा ठेवणारा प्रिंटर, फाइलींची सामायिक जागा, दुरून लॅपटॉप चालवायची सोय सगळं एकदम रुसतं.

मुलांचं रात्री दहानंतरचं नेट राउटरवरून बंद करणाऱ्या पालकांसाठी एक सूचना. ही बंदी मॅक पत्त्यावर असते, आणि पत्ता बदलला की राउटरच्या दृष्टीने नवंच यंत्र घरात आलं. पोरांना हे आपल्या आधी कळतं. उलटं करा: अनोळखी यंत्राला रात्री परवानगीच नाही, ओळखीच्यांना आहे, असा नियम लावा.

गल्लीतल्या केबलवाल्याचं किंवा छोट्या कंपनीचं इंटरनेट असेल तर अनेक ठिकाणी कनेक्शन पहिल्यांदा जोडलेल्या यंत्राच्या मॅक पत्त्याला बांधलेलं असतं. नवा राउटर आणला की नेट येत नाही, मग फोन करून "मॅक रीसेट करून द्या हो" म्हणावं लागतं. रविवारी कोणी फोन उचलत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये 'मॅक क्लोन' असतं ते याचसाठी: नव्या राउटरला जुन्याचा पत्ता घालायचा. कनेक्शन तुमचं, पैसे तुम्ही भरलेले, त्यात गैर काही नाही.

रेल्वे स्टेशन, विमानतळ, कॅफे इथे बदलता पत्ता. मुंबई सेंट्रलला जानेवारी २०१६ मध्ये स्टेशनवरचं मोफत वायफाय सुरू झालं, आता ते असंख्य स्टेशनांवर आहे. तिथे मोबाइल नंबर टाकून ओटीपीने आत जायचं असतं. असं पोर्टल तुमचं यंत्र पुन्हा ओळखतं ते बहुधा मॅक पत्त्यावरून. पत्ता बदलला की पुन्हा ओटीपी. तेवढा त्रास घ्यावा. पण एक लक्षात असू द्या: नंबर टाकल्यावर त्या पोर्टलपुरते तुम्ही ओळखले गेलातच. बदलता पत्ता तुम्हाला पोर्टलपासून लपवत नाही, आसपास हवेत कान लावून बसलेल्यापासून लपवतो.

आणि त्याच्यापासूनही पूर्ण नाही. सुरक्षा संशोधक मॅथी व्हानहुफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की पत्ता बदलला तरी यंत्राच्या विचारण्यातले इतर तपशील, म्हणजे त्याला काय काय जमतं याची यादी, पॅकेटांचे चढते क्रमांक वगैरे, जुळवून तेच यंत्र पुन्हा ओळखता येतं. त्यातलं बरंचसं पुढे सुधारलं गेलं. पण एक साधी गळती अजून आपल्या हातात आहे: लॅपटॉपचं नाव. आयपी मागताना लॅपटॉप सहसा पत्त्यासोबत आपलं नावही पाठवतो. रोज नवा पत्ता आणि रोज तेच 'स्नेहा-लॅपटॉप'! विंडोजने आपणहून दिलेलं 'डेस्कटॉप' आणि पुढे सात अक्षरं हे नावही दुसऱ्या कोणाचं सहसा नसतं. नावात आपलं नाव, आडनाव, कंपनी ठेवू नये.

नेटवर्क सांभाळणाऱ्यांसाठी

कॉलेज, अभ्यासिका, क्लास, सोसायटी इथे वायफाय बघणाऱ्याने आधी एक मान्य करावं: मॅक पत्त्यांची यादी म्हणजे कुलूप नव्हे. ज्याला आत यायचंय तो हवेतून आत असलेल्याचा पत्ता वाचतो, स्वतःच्या कार्डावर लिहितो आणि येतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने आपल्या नेटवर्कावरून मोठ्या प्रमाणावर शोधनिबंध उतरवून घेणाऱ्या एका लॅपटॉपचा मॅक पत्ता अडवला. तो लॅपटॉप ॲरन स्वार्ट्झ या अमेरिकी प्रोग्रॅमरचा होता. पुढच्या वर्षीच्या आरोपपत्रात नोंद आहे त्याप्रमाणे पत्त्याचं शेवटचं अक्षर बी चं सी झालं, आणि लॅपटॉप परत आत. एमआयटीसारख्या ठिकाणी एका अक्षराने जमलं ते आपल्या क्लासच्या राउटरवर जमणार नाही असं समजायचं कारण नाही.

ओळख हवी असेल तर ती माणसाची घ्यावी. मोठ्या संस्थेत प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड, किंवा लॅपटॉपमध्ये बसवलेलं प्रमाणपत्र, असं एंटरप्राइझ पद्धतीचं वायफाय लावता येतं. विद्यापीठांमधलं एड्युरोम हे सामायिक वायफाय असंच चालतं. भारतात ते अर्नेट ही शिक्षण-संशोधनाचं नेटवर्क चालवणारी संस्था बघते, आणि आपल्या संस्थेच्या नावा-पासवर्डवर दुसऱ्या देशातल्या विद्यापीठातही नेट मिळतं, मॅक पत्ता कोणी विचारत नाही. छोट्या जागेला एवढं झेपत नाही. तिथे चांगला पासवर्ड, पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क आणि अधूनमधून पासवर्ड बदलणं पुरतं.

मग 'नेट फुल झालं' ही तक्रार. पुण्यातली एखादी अभ्यासिका डोळ्यांसमोर आणा. सत्तर खुर्च्या, प्रत्येकाकडे फोन आणि लॅपटॉप, म्हणजे १४० यंत्रं. साध्या राउटरकडे वाटायला २५३ आयपी. वरवर भरपूर. पण एकदा दिलेला आयपी राउटर ठरावीक मुदतीपर्यंत त्या मॅक पत्त्यासाठी राखून ठेवतो, आणि समजा ती मुदत दोन दिवसांची आहे. १४० पैकी निम्मी यंत्रं रोज पत्ता बदलतात. तिसऱ्या दिवशी सकाळी न बदलणाऱ्यांचे ७०, परवाच्या भुतांचे ७०, कालच्या भुतांचे ७० आणि आजचे ७०, मिळून २८०. मागून येणाऱ्या २७ यंत्रांना वायफाय जोडलेलं दिसेल पण नेट मिळणार नाही. अशा वेळी लोक राउटर बंद करून चालू करतात, थोडा वेळ बरं चालतं, आणि राउटर खराब आहे असा निष्कर्ष निघतो. नवा राउटर आणायची गरज नाही. मुदत दोन तासांवर आणा.

कंपनीचे लॅपटॉप असतील तर प्रत्येकाच्या टेबलावर जाऊन बटणं दाबण्यापेक्षा ऑफिसच्या वायफायचं प्रोफाइलच मध्यवर्ती व्यवस्थेतून पाठवावं. त्यात या नेटवर्कापुरता बदलता पत्ता बंद असं लिहिता येतं, विंडोजलाही आणि मॅकबुकलाही. लॅपटॉप बाहेर गेला की तिथे त्याचा तो मोकळा. आणि मालमत्तेच्या नोंदवहीत लॅपटॉपची ओळख म्हणून अनुक्रमांक लिहावा. वायफाय, केबल आणि डोंगलचे पत्ते शेजारच्या रकान्यात, तारखेसह.

नोंदणी केलेला लॅपटॉप विकताना किंवा कोणाला देताना आणखी एक काम असतं, जे फार थोडे करतात. कॉलेजात, हॉस्टेलवर, केबलवाल्याकडे तो पत्ता तुमच्या नावावर आहे. नव्या मालकाने त्याच आवारात तो लॅपटॉप जोडला तर नोंदीत तुम्हीच दिसाल. लॅपटॉप हातातून जाण्याआधी ईमेल करून ती नोंद काढायला सांगा, आणि उत्तराची प्रत ठेवा.